एएफएलमध्ये डोक्याला मार, बंदी आणि बदलते नियम: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

मेलबर्नला नवीन आलेल्या मराठी मंडळींना मार्च उजाडला की एक गोष्ट लगेच कळते, इथे सोमवारी सकाळी ऑफिसच्या किचनमध्ये हवापाण्याच्या गप्पा होत नाहीत, फुटीच्या म्हणजे ऑस्ट्रेलियन फुटबॉलच्या होतात (एएफएल ही त्याची सगळ्यात मोठी लीग). आणि गेली काही वर्षं त्या गप्पा कोण जिंकलं यावर कमी आणि "त्याला तीन मॅच दिल्या, म्हणजे तीन मॅचची बंदी घातली, हे बरोबर का" यावर जास्त. मी डीमन्सचा म्हणजे मेलबर्न क्लबचा फॅन, त्यामुळे हा विषय मला जिव्हारी लागलेला आहे. ओळखीतले लोक तेच तेच प्रश्न विचारतात म्हणून एकदाच सगळं लिहून ठेवतोय.

आधी हे सांग, हा खेळ नक्की काय? रग्बीच ना?

नाही हो, रग्बी नाही. १८ विरुद्ध १८, क्रिकेटच्या ओव्हल मैदानावर, आपण टीव्हीवर बघतो त्याच एमसीजीवर. २० मिनिटांचे चार क्वार्टर, पण घड्याळ मधे मधे थांबतं त्यामुळे प्रत्यक्षात अर्ध्या तासाच्या आसपास जातो एकेक. मधल्या दोन उंच खांबांमधून लाथेने बॉल गेला तर ६ पॉइंट, बाजूच्या खांबांमधून गेला तर १. ऑफसाइड नाही, आणि सुरक्षेच्या वादाचं मूळ इथेच आहे, कारण ऑफसाइड नाही म्हणजे समोरचा कुठूनही येऊ शकतो, मागून, बाजूने, तुम्ही हवेत असताना. रग्बीत मार समोरून येतो, इथे ३६० अंशातून येतो.

१८५९ मध्ये मेलबर्नमध्येच याचे पहिले नियम लिहिले गेले, आणि नियम बदलणं तेव्हापासूनच चालू आहे, त्यामुळे "आमच्या वेळचा खरा खेळ" असं कुणी म्हणालं की त्याला विचारायचं, कुठल्या साली?

"गेम सॉफ्ट झालाय" असं सगळे म्हणतात, खरंय का?

हे वाक्य प्रत्येक मॅचला ऐकू येतं. माझं उत्तर सरळ नाही असं आहे. जी गोष्ट कमी झालीय ती म्हणजे बॉलपासून लांब असताना कुणाच्या तरी जबड्यावर ठोसा देणं. १९८५ मध्ये हॉथॉर्नच्या ली मॅथ्यूजने जीलाँगच्या नेव्हिल ब्रन्सचा जबडा मोडला, बॉल तिथे नव्हताच, प्रकरण थेट पोलिसांपर्यंत गेलं आणि लीगने मॅथ्यूजचं रजिस्ट्रेशन चार आठवडे काढून घेतलं. २००८ मध्ये बॅरी हॉलने ब्रेंट स्टेकरला एक ठोसा मारून आडवा केला, सात मॅच. २०१८ मध्ये पर्थच्या डर्बीत अँड्र्यू गॅफने अँड्र्यू ब्रेशॉचा जबडा मोडला, आठ मॅच. हे आडनाव लक्षात ठेवा, पुढे परत येणारे.

आता यातलं काय परत यायला हवंय सॉफ्ट म्हणणाऱ्यांना? विचारलं की कुणीच ठोसा परत हवाय असं म्हणत नाही. त्यांना हवा असतो तो बंप म्हणजे खांद्याची धडक, तो टॅकल म्हणजे धरून पाडणं, ते बॉलवर जीव टाकून झेपावणं, आणि ते सगळं आजही आहे. खेळाडू पूर्वीपेक्षा फिट आहेत, जास्त पळतात, जास्त वेगात येऊन आदळतात, तेव्हा खेळ मऊ झाला असं म्हणणं म्हणजे फक्त वरवर बघणं.

बंप बंद केलाय का?

नाही. खांद्याने अंगावर, बॉल पाच मीटरच्या आत असताना, बाजूने धडक देणं आजही नियमात बसतं. फक्त जबाबदारी बदलली. तुमच्याकडे दुसरा पर्याय होता, टॅकल करता आला असता, बॉलवर जाता आलं असतं, तरी तुम्ही बंप निवडला आणि समोरच्याच्या डोक्याला लागलं, तर ते तुमच्या खात्यावर. मुद्दाम केलं नाही, डोकी चुकून आपटली, हे चालत नाही.

२०२१ च्या पहिल्याच राउंडमध्ये जीलाँगच्या पॅट्रिक डेंजरफिल्डने ॲडलेडच्या जेक केलीला बंप केला, दोघांची डोकी आपटली, केलीचं नाक मोडलं आणि तो बेशुद्ध. डेंजरफिल्डला तीन मॅच. बंप नीट अंगावरच मारला होता, डोकं लागलं हा अपघात, असं म्हणणारे तेव्हा खूप होते. पण एवढा अनुभवी माणूस, तेवढ्या वेगात जाऊन बंप करताना डोकी आपटू शकतात हे त्याला माहीत असणारच ना? मला ती बंदी तेव्हाही पटली होती, आजही पटते. २०२४ मध्ये सेंट किल्डाच्या जिमी वेबस्टरने तर प्रॅक्टिस मॅचमध्ये नॉर्थ मेलबर्नच्या जाय सिम्पकिनला उडवलं, सात मॅच, आणि त्यावर फारसं कुणी भांडलंही नाही. म्हणजे लोकांची मतं बदलतात, वेळ लागतो एवढंच.

मेनार्ड आणि ब्रेशॉचं प्रकरण काय होतं? अजून लोक भांडतात म्हणून विचारतोय.

भांडणारच. ७ सप्टेंबर २०२३, गुरुवारची रात्र, एमसीजी, कॉलिंगवूड विरुद्ध मेलबर्न, फायनल्सची म्हणजे सीझनअखेरच्या कपसाठीच्या सामन्यांची पहिली मॅच. मी वरच्या स्टँडमध्ये होतो. पहिल्याच क्वार्टरमध्ये आमचा अँगस ब्रेशॉ पळत येऊन किक मारतो, समोरून ब्रेडन मेनार्ड ती किक अडवायला दोन्ही हात वर करून उडी मारतो. बॉल त्याच्या हाताला लागत नाही, मेनार्ड हवेतच असतो, खाली येताना अंग वळवतो आणि त्याचा खांदा ब्रेशॉच्या डोक्यावर. ब्रेशॉ खाली पडला तो हललाच नाही. ९० हजारांच्या वर लोक होते आणि काही सेकंदांत सगळा आवाज बसला, माझ्या शेजारी कॉलिंगवूडचा स्कार्फ घातलेले एक आजोबा बसले होते, त्यांनी टोपी काढून मांडीवर ठेवली आणि स्ट्रेचर आत जाईपर्यंत ती परत घातली नाही. त्यानंतर बू सुरू झालं. आम्ही ती मॅच ७ पॉइंटनी हरलो, पण घरी जाताना ट्रेनमध्ये स्कोअरबद्दल कुणी बोलत नव्हतं.

लीगने केस थेट ट्रिब्युनलकडे म्हणजे लीगच्या शिस्तीच्या कोर्टाकडे पाठवली आणि निदान तीन मॅच मागितल्या. कॉलिंगवूडने बायोमेकॅनिक्सचा तज्ज्ञ आणला, काही तास सुनावणी चालली, मुद्दा हा की एकदा माणूस हवेत गेला की तो दिशा बदलू शकत नाही आणि जेमतेम क्षणभरात जे केलं ते विचार करून केलेलं नसतं. मेनार्ड सुटला. काही आठवड्यांनी तो ग्रँड फायनल खेळला आणि कॉलिंगवूडने ब्रिस्बेनला ४ पॉइंटनी हरवून कप घेतला. ब्रेशॉने मात्र फेब्रुवारी २०२४ मध्ये डॉक्टरांच्या सल्ल्याने खेळ सोडला, वय २८. आणि ज्या अँड्र्यू ब्रेशॉचा जबडा २०१८ मध्ये मोडला होता तो याचाच धाकटा भाऊ. एकाच घरातली दोन मुलं, एकाच आईने दोन्ही वेळा बघायचं. मला नेहमी त्या माउलीचं वाटतं.

मग मेनार्ड दोषी होता का नव्हता?

डीमन्सचा फॅन म्हणून त्या रात्री मी दोषीच म्हणालो असतो. आज शांतपणे सांगतो, तेव्हाच्या नियमात तो सुटला ते बरोबर होतं, नियम अपुरा होता. त्याने उडी मारायचं ठरवलं तो निर्णय, आणि जबाबदारी तिथून सुरू व्हायला हवी, हवेत गेल्यावर नाही. कुणी गाडी खूप वेगात चालवली आणि मग म्हणाला की ब्रेक लागायला वेळच नव्हता, तर आपण विचारतोच ना की वेग कुणी धरला होता. लीगनेही २०२४ च्या आधी नेमकं तेच केलं: बॉल अडवायला जमीन सोडलीत आणि डोक्याला लागलं तर निदान निष्काळजीपणा धरला जाईल, तुम्ही शक्य ती सगळी काळजी घेतल्याचं दिसलं नाही तर. मला हा बदल सगळ्यात शहाणपणाचा वाटतो, कारण यात उडी मारायला बंदी नाही, फक्त उडीच्या आधी विचार करायला लावलंय.

टॅकलवर एवढी भांडणं का? पकड तर पकड असते.

आपल्याकडे कबड्डी बघणाऱ्यांना हे पटकन कळेल. रेडरला मांडी धरून, घोटा धरून, साखळी करून पाडा, चालतं, पण पायांची कैची घातली की फाउल. का, तर सुटायला आणि सावरायला जागाच राहत नाही. इथे तसंच आहे. खांद्याच्या खाली गुडघ्याच्या वर धरा, खाली पाडा, काही हरकत नाही. पण दोन्ही हात अंगाशी आवळून धरले आणि वर गरकन फिरवून जमिनीवर आपटलं, तर त्या माणसाला डोकं वाचवायला हात मोकळा नसतो. हात जमिनीला टेकता आला असता तर मार कोपरावर गेला असता, आता डोकंच आपटतं. याला स्लिंग टॅकल म्हणतात.

अडचण अशी की हात मोकळा ठेवला तर समोरचा हँडबॉल (मुठीने मारलेला पास) टाकून मोकळा होतो, आणि कोच वर्षानुवर्षं शिकवत आले की हात आवळा. म्हणजे खेळाडूने वीस वर्षं जे घोटून घेतलं ते विसरायचं आणि तेही अर्ध्या सेकंदात. जुलै २०२४ मध्ये ब्रिस्बेनच्या चार्ली कॅमेरॉनला आणि जायंट्सच्या टोबी बेडफर्डला एकाच आठवड्यात अशा टॅकलसाठी तीन तीन मॅच दिल्या, आणि दोघेही अपीलमध्ये सुटले. त्या आठवड्यात कुणालाच कळेना की नियम आहे तरी काय. चिडायचं असेल तर यावर चिडा, मला हे चिडणं मान्य आहे.

शिक्षा ठरवतात कशी?

तीन गोष्टी बघतात. मुद्दाम केलं का निष्काळजीपणे, लागलं कुठे (डोकं की अंग), आणि फटका किती जोरात: लो, मिडियम, हाय, सिव्हिअर. मॅच रिव्ह्यू ऑफिसर फुटेज बघून कप्पा ठरवतो, क्लबला पटलं नाही तर ट्रिब्युनल, तिथेही नाही पटलं तर अपील बोर्ड. निष्काळजीपणे डोक्याला हाय फटका म्हणजे आजवर साधारण दोन मॅच, सिव्हिअर म्हणजे तीन किंवा जास्त.

माझी सगळ्यात मोठी तक्रार इथे आहे. फटका किती जोरात हे ठरवताना समोरच्याला काय झालं हे खूप जड पडतं. तोच टॅकल, तोच वेग, तेच आवळलेले हात, एकाचं डोकं गवतावर घासलं आणि तो उठून पळाला तर दंडावर भागतं, दुसऱ्याला कन्कशन झालं, म्हणजे डोक्याच्या मारामुळे मेंदूला धक्का बसला, तर तीन आठवडे घरी. म्हणजे आपण कृत्याला शिक्षा देतोय का नशिबाला? पहिल्या खेळाडूला काय शिकायला मिळालं, तर काही नाही, पुढच्या शनिवारी तो परत तेच करणार. मला वाटतं आपटणं धोकादायक असेल तर कुणाला लागलं नाही तरी एक मॅच द्यायलाच हवी. लीगने दुखापत होण्याची शक्यता मोजायची सोय ठेवलीय, कधी कधी वापरतातही, पण मन लावून नाही. फॅन लोक "लॉटरी आहे" म्हणतात ते म्हणूनच, आणि त्या लॉटरीमुळेच चांगल्या नियमाचीही बदनामी होते.

मार्क घ्यायला उडी मारताना लागलं तर?

हे सगळ्यात नाजूक. हवेत उंच उडून बॉल झेलणं हा या खेळाचा प्राण आहे, कुणाच्या पाठीवर गुडघा ठेवून वर गेलं तरी चालतं, लहान मुलं त्यासाठीच फुटी बघायला बसतात. २०२४ मध्ये एसेंडनचा पीटर राइट बॉल बघत धावत आला, शेवटच्या क्षणी अंग वळवलं आणि सिडनीच्या हॅरी कनिंगहॅमवर आदळला, चार मॅच. २०२५ मध्ये फ्रीमँटलचा कॅप्टन ॲलेक्स पिअर्स पोर्ट ॲडलेडच्या डार्सी बर्न-जोन्सवर असाच आदळला, तो मात्र ट्रिब्युनलमध्ये सुटला. फरक काय? पिअर्सची नजर आणि हात शेवटपर्यंत बॉलसाठी होते, राइटने शेवटी स्वतःला वाचवायला खांदा पुढे केला. मला हा फरक पटतो. पण स्टँडमधून, खऱ्या वेगात, तो दिसतो का? नाही दिसत.

कन्कशन झाल्यावर किती दिवस बाहेर?

एएफएलमध्ये २०२१ पासून निदान १२ दिवस, म्हणजे पुढची मॅच जवळपास गेलीच. प्रिलिमिनरी फायनलमध्ये म्हणजे सेमीफायनलसारख्या आधीच्या मॅचमध्ये डोक्याला लागलं तर ग्रँड फायनल नाही, मग तुम्ही कितीही मोठे स्टार असा. सप्टेंबर आला की "एवढ्या एका मॅचसाठी सूट द्या" म्हणणारे निघतातच. देऊ नये. सूट असती तर प्रत्येक खेळाडू खोटं बोलला असता, आता निर्णय त्याच्या हातातच नाही हे त्याच्यावर उपकारच आहेत.

गावपातळीच्या, मुलांच्या फुटीत २०२४ पासून निदान २१ दिवस. जास्त का, असं लोक विचारतात. कारण तिथे रोज तपासणारा डॉक्टर नसतो, आणि वाढत्या वयाच्या मेंदूला भरून यायला जास्त वेळ लागतो.

माझा भाचा अंडर-१४ खेळतो. गेल्या हिवाळ्यात टॅकलमध्ये त्याचं डोकं आपटलं, लगेच उठून म्हणाला मी ठीक आहे. कडेला उभ्या एका पालकाने ओरडून सांगितलं की चालतोय ना, खेळू दे. ट्रेनर बाई शांतपणे त्याला बाकावर घेऊन बसल्या, म्हणाल्या, महिने उलटे म्हण. डिसेंबर, नोव्हेंबर, ऑक्टोबर, आणि मग तो माझ्याकडे बघायला लागला. आठवेना. गणितात हुशार मुलगा आणि सप्टेंबर आठवत नव्हता. हातातली संत्र्याची फोड तशीच धरून बसला होता. ताई तीन आठवडे त्याच्यापेक्षा जास्त रडवेली होती, आणि २१ दिवसांचा नियम होता म्हणून तिला कुणाशी वाद घालावा लागला नाही. नियमांचा एक फायदा हा पण असतो, आईला वाईटपणा घ्यावा लागत नाही.

सीटीई म्हणजे काय?

डोक्याला वर्षानुवर्षं मार बसत राहिला की मेंदूत होणारा आजार. विसरणं, चिडचिड, खचून जाणं, पुढे पुढे माणूस ओळखू येत नाही असं होणं. पक्कं निदान फक्त मृत्यूनंतर मेंदू तपासूनच होतं. फुटीतलं मोठं नाव पॉली फार्मर २०१९ मध्ये गेले, त्यांच्या मेंदूत तो सापडला, एएफएल खेळाडूंमध्ये पहिलीच नोंद. मग डॅनी फ्रॉली, मग रिचमंडचा शेन टक. ॲडलेडकडून महिला लीग खेळलेली हेदर अँडरसन २०२२ मध्ये २८ व्या वर्षी गेली, व्यावसायिक महिला खेळाडूत हे निदान झालेली जगातली पहिली.

आणि हे नीट समजून घ्या, फक्त बेशुद्ध पाडणारे फटके नाहीत, रोजच्या सरावातले छोटे छोटे धक्केही यात मोजले जातात. म्हणून शेन टकच्या प्रकरणात कॉरोनरने (मृत्यूची चौकशी करणारा अधिकारी) २०२३ च्या शेवटी सरावातला कॉन्टॅक्ट कमी करायची शिफारस केली. आपण फॅन शनिवारच्या एका बंपवर आठवडाभर भांडतो आणि मंगळवारच्या ट्रेनिंगमध्ये काय होतं याचा विचारच करत नाही. मला वाटतं खरी सुधारणा तिथे होणार आहे, आणि तिने खेळातलं काही म्हणजे काही जाणार नाही.

हेल्मेट का घालत नाहीत सगळे?

कारण ते मऊ हेल्मेट कन्कशन थांबवत नाही. खोक पडणं, कान फाटणं वाचतं, पण कवटीच्या आत मेंदू हलतो त्याला बाहेरचा फोम काय करणार? ब्रेशॉ स्वतः बरीच वर्षं हेल्मेट घालून खेळला. उलट हेल्मेट आहे म्हणून पोरं जास्त बिनधास्त घुसतात अशी भीती आहे.

हे सगळं कोर्टकेसच्या भीतीने चाललंय, असं म्हणतात?

काही अंशी असेलही. मार्च २०२३ मध्ये माजी खेळाडूंतर्फे व्हिक्टोरियाच्या सुप्रीम कोर्टात क्लास ॲक्शन म्हणजे सामूहिक दावा दाखल झाला, पुढे नाव जीलाँगच्या मॅक्स रूकचं. त्याच वर्षी सिनेटच्या समितीने खेळातल्या डोक्याच्या दुखापतींवर रिपोर्ट दिला. पण भीतीने का होईना, नियम योग्य असेल तर योग्यच. सीटबेल्ट पण लोकांनी दंडाच्या भीतीनेच लावले ना आधी.

डोकं सोडून बाकीच्या दुखापतींचं काय?

रकमन म्हणजे मधोमध उंच उडी मारून बॉल ढकलणारे. ते लांबून धावत येऊन एकमेकांच्या गुडघ्यावर आदळायचे, गुडघ्याच्या मागचा लिगामेंट तुटायचा, म्हणून २००५ मध्ये त्यांना १० मीटरच्या सर्कलमध्ये बांधलं. २०१२ मध्ये सिडनीच्या गॅरी रोहनचा पाय घसरत आलेल्या खेळाडूमुळे मोडला, तो सीन मी परत बघू शकत नाही, २०१३ पासून गुडघ्याखाली जोरात धडक म्हणजे फ्री किक. तेव्हाही लोक म्हणाले की आता बॉलवर झेपावणंच संपलं. संपलं नाही, पोरं पायावर उभी राहून वाकायला शिकली. महिला लीगमध्ये गुडघ्याच्या एसीएलच्या दुखापती पुरुषांपेक्षा बऱ्याच जास्त आहेत आणि त्यावर चर्चा मात्र त्या मानाने फारच कमी होते, हे मला खटकतं.

२०२६ चे बदल सुरक्षेसाठी आहेत का?

बहुतेक नाहीत. अंपायरने बॉल आपटून खेळ सुरू करणं गेलं, आता वर फेकतात. सब्स्टिट्यूट गेला, बेंचवर पाच जण. दोन्ही ५० मीटर आर्कच्या (गोलपासून ५० मीटरवरच्या कमानी) मधल्या पट्ट्यात कुणाचा हात न लागता तुमची किक किंवा हँडबॉल बाहेर गेला तर समोरच्याला फ्री किक. हे सगळं खेळ पळता ठेवायला. बेंचवर पाचवा आल्याने डोक्याला लागलेल्याला बाहेर बसवायला कोच कमी कचरतील, एवढा फायदा मला दिसतो. पण सेंटर सर्कलमध्ये रकमनने मधली रेषा ओलांडून आधीच भिडायचं नाही, म्हणजे परत उड्या मारा, आणि उड्या आल्या की गुडघे आले. एका हाताने सुरक्षा, दुसऱ्या हाताने वेग, आणि वेग वाढला की धडक वाढते. फॅन म्हणून मला हा प्रश्न लीगला सारखा विचारावासा वाटतो.

मुलाला ऑसकिकला, म्हणजे छोट्यांच्या फुटी वर्गाला, घालू का? घरचे घाबरतात.

घाला. तिथे छोट्यांना टॅकल शिकवतच नाहीत, लाथ मारणं, झेलणं, पळणं एवढंच, टॅकल वयाप्रमाणे हळूहळू येतो. आजी-आजोबा भारतातून आले असतील तर त्यांना एकदा मैदानावर घेऊन जा, टीव्हीवरचं बघून घाबरलेले असतात ते. पुढे टॅकलवाल्या वयोगटात गेला की क्लबला तीन गोष्टी विचारा: ट्रेनर प्रत्येक मॅचला असतो का, डोक्याला लागलं की कोण ठरवतं, आणि आठवड्यात किती वेळ कॉन्टॅक्ट ट्रेनिंग असतं. उत्तर देताना कोच अडखळला तर दुसरा क्लब बघा, मेलबर्नमध्ये क्लबांना तोटा नाही. माउथगार्ड डेंटिस्टकडून मापाचा करून घ्या, तो दात वाचवतो, मेंदू नाही, हे मुलालाही सांगा. आणि घरीच एकदा गंमत म्हणून महिने उलटे म्हणायला लावा, म्हणजे बरा असताना त्याला किती वेळ लागतो हे तुम्हाला माहीत असेल. भाच्याला आता ११ सेकंद लागतात, ताईने फ्रिजवर लिहून ठेवलंय.